चारूकाकूचं गाणं

१२ जुलै २०२५, शनिवार

सकाळी फिरून येताना चौकातल्या पोहेवाल्याकडे थांबलो. एरवी थांबत नाही. बाकावर दोन मुली बसल्या होत्या. त्यातल्या एकीच्या मोबाइलमधून चारुलताचा आवाज आला.

आवाज तरुण होता आणि मागे ढोलासारखे काहीतरी धडधडत होते. पण "बाई" म्हणताना चारुलताचा आवाज जरा वर जाऊन थांबायचा, तसाच तो थांबला. मुलीला विचारायचे होते. विचारले नाही. तर्री पोहे अर्धे टाकून घरी आलो.

माझी पत्नी चारुलता जाऊन आठ महिने झाले. मला भास होत नाहीत. नोंद असावी म्हणून लिहितो: वेळ सात वाजून चाळीस मिनिटे. दोनदा ऐकले. बँकेची यंदाची डायरी कोरीच पडली होती, तीत लिहिले आहे.

१४ जुलै

दोन दिवस कोणाला सांगितले नाही. आज भैरवीचा पुण्याहून फोन आला तेव्हा सांगितले. मला वाटले मुलगी काळजी करेल, डॉक्टरांकडे जा म्हणेल. तिने विचारले, "शब्द काय होते, बाबा?"

मी म्हणालो, कुलूप, किल्ली असे काहीतरी.

दोन मिनिटांत तिने मला एक व्हिडिओ पाठवला. "कुलूप किल्ली भुलाबाई डीजे मिक्स." चित्रात नाचणारी माणसे आणि दिवे. आवाज चारुलताचा. खाली लिहिले आहे: पारंपरिक गीत. हक्क: रंगधारा म्युझिक. एकतीस लाख वेळा पाहिले गेले आहे.

हे चारुलताच्या कॅसेटमधले गाणे आहे. १९९४ साली चारुलता आणि तिच्या तीन मैत्रिणींनी इतवारीत भुलाबाईच्या गाण्यांची एक कॅसेट काढली होती. मुली भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई मांडून घरोघर म्हणतात ती गाणी. कॅसेट दोन वर्षे विकली गेली, मग कॅसेटीच संपल्या.

भैरवी फोनवर रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, "एकतीस लाख लोकांनी आईला ऐकलंय, बाबा. आणि तिचं नाव कुठेही नाही."

मी म्हणालो, बघतो.

२० जुलै, रविवार

इतवारीत शोभाताईंकडे गेलो. चौघींपैकी सुभद्राबाई मुलाकडे सुरतेला असतात, अंजनाबाई गेल्या. गावात शोभाताईच. भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसल्या होत्या. तेराव्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो.

"या भाऊजी. मले वाटलं रस्ता भुलले."

मी मोबाइल पुढे केला. गाणे सुरू झाले तशा त्यांनी गिऱ्हाइकाला हाताने थांबवले. गाणे पूर्ण ऐकले. नंतर म्हणाल्या, "पाचच कडवी हायेत. सहावं कुठं गेलं?"

मला सहावे कडवे माहीत नव्हते. खाली पारंपरिक लिहिले आहे ते दाखवले.

"पारंपरिक? माझ्या ओट्यावर बसून पोहे निवडता निवडता रचलं तिनं. मी साक्षीला होती. एक ओळ जमेना तर माझं अर्धं ताट पोहे तिनं खड्याच्या कचऱ्यात टाकले न." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण भाऊजी, पारंपरिक लिहिलं कोणं? कॅसेटवर नाव होतं आमचं. छापाले जाईपर्यंत होतं."

गिऱ्हाईक हंडा वाजवून बघत होते. मी उठलो.

"चहा तरी घ्या जी. पळून काहून राहिले?"

२१ जुलै

काल शोभाताईंनी विचारलेल्याचे उत्तर मला माहीत आहे. मीच लिहिले.

तेव्हा मी भूमी अभिलेख कार्यालयात लिपिक होतो. कॅसेटच्या कव्हराचा नमुना तपासायला घरी आला. त्यावर चौघींची नावे होती आणि खाली "गीत: चारुलता." माझ्या मनात आले, हे बाजारात टांगलेले राहणार. साहेब बघतील. खात्यातल्या माणसाच्या बायकोचे नाव पानठेल्यावर. लाल पेन हातात होते. मी चारही नावे खोडून "महिला मंडळ, इतवारी" लिहिले. "गीत: चारुलता" खोडून "पारंपरिक" लिहिले.

चारुलता समोर उभी होती. काही बोलली नाही. चहा ठेवायला आत गेली. तिची हरकत नव्हती असे मी धरून चाललो. पुढच्या वर्षी दुसरी कॅसेट काढायचे ठरले होते, ते तिनेच रद्द केले. भैरवीची शाळा सुरू झाली होती, वेळ मिळत नसावा.

२ ऑगस्ट, शनिवार

भैरवीने सुचवले की मूळ गाणे आपणच इंटरनेटवर टाकू, नावासकट. म्हणाली, "आता कोणाच्या दारात जावं लागत नाही, बाबा. कंपनी नको, दुकान नको. ज्याचं गाणं तो स्वतः टाकतो."

घरातली कॅसेट घेऊन दुर्गेशकडे गेलो. त्या वेळी रेकॉर्डिंग त्यानेच केले होते. कापडाच्या दुकानावरच्या माडीत त्याचा स्टुडिओ होता. माडी तीच आहे, आता मोबाइलची कव्हरे विकतो. भिंतीवर अंड्यांचे कागदी ट्रे अजून तसेच ठोकलेले आहेत, आवाज घुमू नये म्हणून. त्याने एक जुना टेप चालू केला आणि गाणे कॉम्प्युटरवर घेऊन दिले.

भैरवीने फोनवरून सांगितले तसे एकेक बटण दाबले. चॅनेलला नाव द्या म्हणाले. "चारुलता" दिले. संध्याकाळी गाणे लागले. तीन जणांनी पाहिले: भैरवी, शोभाताई, मी.

३ ऑगस्ट

गाणे बंद झाले आहे. तिथे लिहून आले की या व्हिडिओतील आवाज रंगधारा म्युझिक यांच्या मालकीचा आहे.

माणसाने तपासलेले नाही, मशीनच आवाजाला आवाज जुळवून ठरवते असे भैरवी म्हणते. म्हणजे मूळ जमीनमालक शेतात गेला आणि त्यालाच अतिक्रमणधारक ठरवले.

चौतीस वर्षे मी हे कागदावर पाहिले. सातबाऱ्यावर चुकीचे नाव चढले तर हरकत दाखल करायची असते. करणार.

१२ ऑगस्ट

हरकत अर्ज अकरा पाने झाला. परिशिष्ट अ ते उ. तिथल्या चौकटीत एवढे मावत नव्हते म्हणून थोडक्यात भरले आणि पूर्ण अर्ज ईमेलने जोडला. भरताना एक प्रश्न होता: हे गाणे तुमचे आहे का? दोन पर्याय. "माझे आहे" आणि "माझे नाही, परंतु परवानगी आहे". गाणे चारुलताचे आहे. मी दुसरा पर्याय निवडला.

चार मिनिटांत उत्तर आले. परवानगीचा पुरावा नाही, दावा कायम. अकरा पाने चार मिनिटांत कोणी वाचली असतील, कळत नाही.

१३ ऑगस्ट

भैरवीला सांगितले.

"बाबा, तुम्ही 'माझं नाही' लिहिलंत?"

"माझं नाहीच."

"तुम्ही आईचे वारस आहात ना? आयुष्यभर लोकांच्या वारस नोंदी केल्यात."

खरे आहे. हजारो केल्या असतील. शेत, घर, विहीर, आंब्याचे झाडसुद्धा. गाण्याला वारस असतो हे मात्र डोक्यात आले नव्हते.

आता एकच अपील उरले आहे. तेही फेटाळले गेले तर माझे चॅनेलच काढून टाकतील, चारुलताच्या नावासकट. भैरवी म्हणाली, पक्का पुरावा मिळाल्याशिवाय अपील करू नका. मुदत तीस दिवसांची आहे.

पुरावा काय आहे? कॅसेटवर छापलेले आहे पारंपरिक.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज मारबतीची मिरवणूक निघाली, इतवारीकडचे रस्ते बंद होते. लांबच्या रस्त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याला गेलो. त्या डीजे गाण्याच्या शेवटी एक माणूस ओरडतो, "विक्की, जरीपटका." आठवडाभर विचार केला आणि फाइल घेऊन निघालो.

दुकानात माणसापेक्षा उंच स्पीकर होते. विक्की तिशीचा असेल, दाढीवाला. माझी फाइल बघून घाबरला.

"पोलीस केस हाय काय, काका?"

मी म्हणालो, नाही. कॅसेट टेबलावर ठेवली. त्याने ती उचलली आणि हसला.

"अरे, हीच न! मी कबाड्याकडून पेटी घेतली होती जुन्या कॅसेटची. ह्या बाईचा आवाज ऐकला अन् डोकंच फिरलं काका. तीन दिवस दुसरं काही केलं नाही. कोण हाय थे?"

"माझी पत्नी. नोव्हेंबरमध्ये गेली."

त्याने मागे वाजत असलेला स्पीकर बंद केला. मला पाणी दिले. मग सांगितले की दोन वर्षांपूर्वी गणपतीसाठी त्याने ते मिक्स केले, ते फार चालले, मग रंगधाराचा मेसेज आला. "चाळीस पानाचा फॉर्म होता मोबाइलवर. मी काय वाचून राहिलो? दाबून दिलं हो म्हणून. आता माझंच गाणं मी वाजवतो तर मलेच नोटीस येते."

मी त्याला म्हणालो, तुम्ही नाव तरी शोधायचे होते.

"काका, एक बी नाव नव्हतं त्याच्यावर. मी माझं नाव ओरडून लावतो, त्याहिचं काहून नसतं लावलं? कोण्या शहाण्यानं नाव नाही लिहिलं असन?"

मी म्हणालो, "लिहिले होते. मी खोडले."

आजवर कोणाला सांगितले नव्हते. एका डीजेच्या दुकानात, स्टुलावर बसून सांगितले. त्याने चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर विचारले, "मास्टर कुठं हाय? कॅसेट त कॉपी असते काका. पहिली टेप कोणाकडे हाय?"

३० ऑगस्ट, शनिवार

आजचे सविस्तर लिहिले पाहिजे.

दुर्गेशने जिन्यावरच्या माळ्यातून खोका काढला. मूळ रेकॉर्डिंगची टेप बशीएवढ्या चकतीवर गुंडाळलेली असते. विक्कीने ती चालवणारे मशीन कोणाकडून तरी मागून आणले होते. शोभाताई माडी चढून आल्या, वर येऊन म्हणाल्या, "अंड्याचे ट्रे तेच ठेवले का रे दुर्गेश? अंडी त कधीच खाल्ली असन."

टेप लागली. आधी खरखर. मग बायकांचे बोलणे, बांगड्या, कोणीतरी खोकले. मग चारुलता म्हणाली, "अंजनाबाई, तुमचं पान थुंकून या पहिले. गाण्यात कात सांडून राहिला."

सगळ्या हसल्या. शोभाताई इथे खुर्चीवर हसल्या आणि टेपमध्येही हसल्या.

चारुलता माझ्याशी कधी अशी बोलली नाही. माझ्याशी ती पुस्तकातली भाषा बोलायची, हळू. टेपमध्ये ती माहेरची, नरखेडची भाषा बोलत होती, मोठ्याने, आणि सगळ्या तिचे ऐकत होत्या.

गाणे सुरू झाले:

धन्याच्या माझ्या तोंडाले कुलूप वं बाई,
किल्ली कुठं ठेवली ते गवसत नाही.

मध्येच शोभाताई चुकल्या. त्यांनी "किल्ली कुठं हरवली" म्हटले. चारुलताने गाणे थांबवले. "हरवली नाही वं शोभा. ठेवली. काल पोळ्या लाटता लाटता बदललं मी थे. हरवली म्हटलं तर संपलंच. ठेवली म्हटलं तर कुठंतरी असन."

विक्कीने माझ्या हाताला हात लावला. "काका, हा पुरावा हाय. पारंपरिक गाणं कोणी पोळ्या लाटता बदलते काय?"

पुन्हा गाणे. चुलीमागे शोधली, उतरंडीत शोधली, विहिरीच्या काठावर शोधली, संत्र्याच्या बागेत शोधली. पाच कडवी. मग सहावे, जे कॅसेटवर नव्हते:

डब्याचं झाकण उघडलं वं बाई,
खिरापतीत किल्ली, आता शोधणं नाही.

आणि लगेच चारुलता बोलली. "गाणाऱ्या शोभा इतवारीची, सुभद्रा काटोलची, अंजना महालातली. गाणं रचलं चारुलतानं, नरखेडच्या. आता खिरापत ओळखा."

भुलाबाईची गाणी संपली की बंद डबा वाजवून आत काय खाऊ आहे ते ओळखायला लावतात. टेपमध्ये डबा खुळखुळला. तरुण दुर्गेश म्हणाला, शेंगदाणे. नाही. चणे. नाही. गोड की तिखट? गोड. लाह्या? नाही.

मग दार वाजले आणि लांबून एका पुरुषाचा आवाज आला. "गूळफुटाणे."

सगळ्या बायका इतक्या हसल्या की टेप फाटल्यासारखी वाजली. त्यातून चारुलताचा आवाज: "उघडलं वं कुलूप!"

तो आवाज माझा होता. ऑफिस सुटल्यावर मी तिला न्यायला गेलो होतो. त्या सगळ्या का हसल्या ते मला तेव्हा कळले नव्हते. घरी जाताना विचारलेही नाही.

टेप संपल्यावर शोभाताईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एकतीस वर्षं लागले तुमाले ऐकाले."

दुर्गेश खोक्याच्या तळातून एक पिवळा पडलेला कागद काढत होता. मला देताना त्याने मान खाली घातली. कव्हराचा तोच नमुना. नावांवर माझ्या लाल रेघा. रेघांखालची नावे स्वच्छ वाचता येतात, चारही. "गीत: चारुलता"ही वाचता येते. आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी माझी सही आणि तारीख. २९/८/९४. पाच ठिकाणी.

खात्याचा नियम आहे: खोडलेला मजकूर वाचता यायला हवा आणि खोडणाऱ्याने सही करायला हवी. मी घरचा कागदही तसाच तपासला होता.

३१ ऑगस्ट

अपील भरले. "हे गाणे तुमचे आहे का?" पर्याय पहिला. वारस म्हणून. सोबत टेपमधले बोलणे आणि तो कागद.

विक्कीचे म्हणणे वेगळे आहे. अपील मशीन वाचणार, माणसे नाही. टेप पूर्ण टाका, बोलण्यासकट, आणि कागदही दाखवा. त्याने स्वतःच्या चॅनेलवर टाकायची तयारी दाखवली. बोलण्यावर कोणाचा दावा नाही.

भैरवी म्हणाली, "बाबा, तो कागद सगळे बघतील. तुमची सही दिसेल. लोक काय काय लिहितात तुम्हाला माहीत नाही. नाही टाकला तरी चालेल."

दुपारभर बसलो. संध्याकाळी विक्कीला फोन केला. टाका म्हटले. सही झाकू नका.

७ सप्टेंबर, रविवार

आज भादव्याची पुनव. भुलाबाई बसली.

भैरवी म्हणाली तसेच झाले. लोकांनी मला पुष्कळ सुनावले. काटोलच्या एक बाई लिहितात, "सही करून बायकोचं नाव खोडणारा नवरा पहिल्यांदा पाहिला." एकाने लिहिले, "कोणीतरी पेन काढून घ्या या काकांचं." मी सगळे वाचले. बहुतेक बरोबर आहे.

पण गेल्या तीन दिवसांत दुसरेच सुरू झाले आहे. नरखेड तालुक्यातल्या एका गावातून पाच बायकांनी ओसरीवर बसून गाणे म्हणून टाकले. सहाही कडवी. सहावे कडवे कॅसेटवर नव्हते, डीजेत नव्हते, आणि त्या म्हणतात आम्हाला टेप ऐकायच्या आधीपासून येते. खाली लिहिले होते: "हे आमच्या चारूआत्याचं गाणं. ती माहेरी यायची तेव्हा शिकवून गेली."

मग वर्ध्याहून एक शिक्षिका. "आमच्या गल्लीत याला चारूकाकूचं गाणं म्हणायचे. मी माझ्या शाळेत बसवते." मग पांढुर्ण्याहून. मग नाशिकच्या एक नर्स, ड्युटीच्या कपड्यात, हातात डबा. मग परदेशातून एक, स्वयंपाकघरात, लहान मुलीला घेऊन. तिने लिहिले आहे की १९९७च्या सुमारास ती दर वर्षी आमच्या तेव्हाच्या इतवारीतल्या घरी भुलाबाई म्हणायला यायची. मला तिचा चेहरा आठवत नाही. मी आतल्या खोलीत पेपर वाचत असायचो.

संध्याकाळपर्यंत भैरवीने एकशे बारा मोजले. कागदावरून मी नाव काढले होते. तोंडातून निघाले नव्हते.

१८ सप्टेंबर

रंगधारा म्युझिकमधून फोन. एक गृहस्थ, गोड बोलणारे. म्हणाले, एवढे ताणण्यात अर्थ नाही. गीत पारंपरिक राहू द्या, खाली आम्ही "सौजन्य: चारुलताताई" असे लिहितो. मोठ्या मनाने मान्य करा. शेवटी कॅसेटवर पारंपरिक छापलेले आहे.

मी म्हणालो, "ते पारंपरिक मी लिहिले आहे. माझ्या हातचे आहे. सही माझी आहे. ते चूक होते, हे माझ्याइतके कोणी सांगू शकत नाही."

ते म्हणाले, साहेब, भावना समजते.

मी म्हणालो, "भावनेचे नाही. नोंद चुकीची आहे. दुरुस्त करा. आणि एक नाही, चार नावे आहेत. लिहून घ्या." आणि चारही सांगितली, गावासकट. त्यांनी लिहून घेतली की नाही माहीत नाही, पण मी सावकाश सांगितली.

फोन ठेवला. मोबाइलवर वेळ बघितली. चार मिनिटे बोललो होतो.

विक्कीला कळवले. त्याने उत्तर पाठवले, "काका, तुमी त फाडलं." अर्थ भैरवीला विचारला. चांगला आहे.

२४ सप्टेंबर

काही नाही. कंपनीला उत्तर द्यायला दिलेली मुदत संपत आली आहे. दिवसातून वीसदा मोबाइल बघतो. चॅनेल अजून आहे. शोभाताई सकाळी येऊन डाळ-वांग्याचा डबा देऊन गेल्या. "खाऊन घ्या. उपाशी माणसाचा अर्ज देवबी वाचत नाही."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.

दावा मागे घेतला आहे.

दोनदा वाचले. मग भैरवीला पाठवले, तिने फोन केला. आम्ही दोघे फोन धरून बसलो.

दुपारी विक्की मोटारसायकलवरून पेढे घेऊन आला. त्याच्या डीजे गाण्याखालचाही मजकूर बदलला आहे. त्याने वाचून दाखवला, मी मागे उभा राहून पाहिला. आता पस्तीस लाख झाले आहेत आणि त्या प्रत्येकाला खाली दिसते: गीत, चारुलता.

मग माझ्या चॅनेलवर गाणे पुन्हा लावले, सहा कडव्यांचे. गायिका या रकान्यात चार नावे भरली. गीतकार या रकान्यात तिचे नाव कसे लिहायचे ते आधी ठरेना. सौभाग्यवती वगैरे, माझे नाव मध्ये, आडनाव, असे कव्हरावर लिहितात. मग टेपमध्ये तिने स्वतः जसे सांगितले तसेच लिहिले. चारुलता, नरखेडची.

विक्की म्हणाला, "खोडायचं काही राहिलं काय, काका?"

मी म्हणालो, नाही. खाली सही करायला मात्र जागा नव्हती.

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

भैरवी काल आली. सुभद्राबाई सुरतेहून आल्या, काठी टेकत. नरखेडहून चारुलताच्या भावजया टेम्पो करून आल्या. वर्ध्याच्या शिक्षिका शाळेच्या अठरा मुली घेऊन आल्या. ज्यांना मी ओळखत नाही अशा पुष्कळ बायका आल्या. सूर्यास्ताला गच्चीवर उभे राहायला जागा नव्हती. विक्कीने एकच लहान स्पीकर आणला. "आज ढोल नाही काका. आज फक्त आवाज."

अंजनाबाईंच्या सुनेने त्यांची जागा घेतली. चारुलताची जागा मोकळी ठेवली, तिथे तिचा पाट. तिची ओळ आली की सगळ्या गप्प राहायच्या आणि विक्की टेपमधला तिचा आवाज लावायचा. मग बाकीच्या तिला साथ द्यायच्या. एकतीस वर्षांपूर्वीचा आवाज आणि आजच्या शंभर बायका. "बाई" वर तिचा आवाज थांबला तेव्हा त्याही सगळ्या थांबल्या. त्या तसेच शिकल्या आहेत.

भैरवी हे मोबाइलवरून सगळीकडे दाखवत होती. नाशिकच्या नर्स बघत होत्या. परदेशातली ती बघत होती, तिकडे दुपार होती.

सहावे कडवे झाले. शोभाताईंनी माझ्याकडे हात केला. "भाऊजी, डबा."

खिरापत मी आणावी असे त्यांनीच ठरवले होते. सगळे एकदम ओरडले, "गूळफुटाणे!" मोबाइलवरही तेच येत होते, गूळफुटाणे, गूळफुटाणे, भैरवीला वाचवेनात इतके.

मी डबा कानाजवळ धरून हलवला. वाजला नाही.

"भाऊजीचाच डबा तो," शोभाताई म्हणाल्या, "वाजन कसा?"

गच्ची हसली. मीही हसलो. चिवडा? नाही. करंजी? नाही. साखरभात? नाही. अर्धा तास चालले. मला इतके प्रश्न एका दिवसात कधी कोणी विचारले नव्हते आणि मी प्रत्येकाला उत्तर दिले.

शाळेतल्या एका मुलीने उशिरा जाग आल्यासारखे मध्येच विचारले, "पण हे गाणं कोणाचं आहे?"

तिथे असलेल्या प्रत्येकीला माहीत होते. शोभाताई माझ्याकडे बघत राहिल्या.

"चारुलताचे," मी म्हणालो. "नरखेडच्या."

"मागच्याले ऐकू नाही आलं जी."

मी उभा राहिलो आणि पुन्हा सांगितले. समोरच्या घराच्या गच्चीवर दूध आटवत होते, त्यांनीही वळून पाहिले.

मग विचारले, "हरलात?"

"हरलो," सगळ्या म्हणाल्या.

झाकण उघडले. तिच्या भावाच्या बागेतली या वर्षीची पहिली संत्री. मी सकाळपासून सोलून ठेवली होती.